तीन जानेवारी कोणाची?

आमच्या मेल्बाच्या शाळेत एक छान पद्धत होती. ज्याचा वाढदिवस, त्यानं फळ्यावर त्या तारखेचा दिनविशेष लिहायचा. कोण जन्मलं, कोण वारलं, काय घडलं. आणि जन्माखाली शेवटी स्वतःचं नाव. मग वर्ग टाळ्या वाजवायचा.

दोन हजार पाच साली, तीन जानेवारीला, मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले आणि फळा बघून माझं डोकंच फिरलं. जन्म: सावित्रीबाई फुले. मृत्यू: शास्त्रज्ञ सतीश धवन. त्याखाली मृत्यू: फर्डिनंड आजोबा, पाचूबंदर. आणि पोरीचं नाव? कुठेच नाही!

"मेल्बा, तुझं नाव गं?"

"आजचा दिवस आजोबांचा ना, मम्मी. माझा उद्या."

ही शिकवण माझ्या सासूबाईंची, तेरेसाबाईंची. ज्या सकाळी मेल्बा जन्मली, त्याच सकाळी सासरे दम्यानं गेले. घरी एकटेच होते, कारण सासूबाई हॉस्पिटलात माझ्यापाशी होत्या. तेव्हापासून त्या तारखेला आमच्या घरी काळे कपडे आणि संध्याकाळी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी. केक दुसऱ्या दिवशी, तोही गुपचूप. नवऱ्याला, लुईसला, काही बोलावं तर म्हणायचा, "जाऊ दे ना, आयला कशाला दुखवतेस?" इतकी वर्षं जाऊ दिलं. आता बस झालं!

तशीच तडक चर्चमध्ये गेले. मिस्सा कोणासाठी आहे ते फादर सुरुवातीला वाचून दाखवतात. सासऱ्यांचं नाव सासूबाईंनी दिलेलं होतंच. म्हटलं, "फादर, त्यांच्या पाठोपाठ मेल्बाच्या वाढदिवसाचं वाचा."

फादर घुटमळले. "घरी विचारलंय ना?"

"मी घरातलीच आहे, फादर."

संध्याकाळी भरल्या चर्चमध्ये फादरांनी वाचलं, "फर्डिनंड यांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून. आणि त्यांची नात मेल्बा हिच्या वाढदिवसाबद्दल देवाचे उपकार मानण्यासाठी." लुईसनं मान खाली घातली. सासूबाईंच्या हातातली रोझरीची माळ थांबली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे.

मिस्सा सुटल्यावर सासूबाईंनी मला दाराशी गाठलं. "मला इचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हनालेच असते." त्यांनी रोझरी मुठीत घट्ट धरली. "तो एकटा गेला गो. पानी द्यायला पन कोन नव्हतं. आनि मी तिकडं या पोरीला हातात घेऊन हसत होते. त्या हसन्याची लाज वाटते मला."

मेल्बा माझ्या मागेच उभी होती. "आजी, तू मला बघून हसली होतीस?" तिला खरंच वाटेना. "मला वाटायचं, मी आले म्हणून आजोबा गेले."

"कोन म्हनालं तुला असं?"

"कोणीच नाही."

सासूबाई मटकन पायरीवर बसल्या आणि पोरीला ओढून छातीशी धरलं. मला तर रडूच आलं. तेवढ्यात दरवर्षीसारखी माणसं त्यांचं सांत्वन करायला रांगेनं आली. शेजारच्या कृष्णाबाईंनी पहिला हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला आणि मेल्बाच्या हातात दिला.

"आज माज्या नातीचा वाढदिस हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आधी तिला भेटा."