चिंगशाचे ऐकण्याचे गुण

माझे वरिष्ठ बियान सर यांनी निकालाचा कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि चिंगशा बेटाच्या शाळेवर बोट ठेवलं.

"यिंगबाई, वाचा. मोठ्यानं."

नववीच्या इंग्रजीचा सामायिक पेपर होता, जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांचा. मी वाचलं. चिंगशाच्या मुलांना वाचनात चाळीसपैकी सरासरी चौदा. ऐकण्यात तीसपैकी सव्वीस.

"आकडे उलटसुलट पडले असतील," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून उत्तरपत्रिका मागवून स्वतः बेरीज केली. बरोबर आहे."

परीक्षा कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर असं काही बघितलं की आधी गडबडीचीच शंका येते. आमच्याकडे कुठल्याही शाळेत जा, मुलांचं वाचन बरं असतं आणि ऐकणं कच्चं. शब्द घोकता येतात, उतारे पाठ होतात. पण कॅसेटवरची बाई बोलायला लागली की निम्मा वर्ग पेन चावत बसतो. आणि चिंगशा म्हणजे बोटीनं अर्धा दिवस लांब. तिथे वेगळा इंग्रजीचा शिक्षकही नव्हता, मुख्याध्यापकच तो विषय शिकवायचे. त्या शाळेनं ऐकण्यात शहरातल्या शाळांना मागे टाकलं होतं.

"कॅसेट परीक्षेआधी फुटली," बियान सर म्हणाले. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता विचारलं, "कॅसेट होती कुठे?"

"माझ्या कपाटात."

"आणि किल्ली?"

"एक माझ्याकडे, एक तुमच्याकडे."

"माझी कधी खिशाबाहेर गेली नाही."

त्यांना काय म्हणायचं होतं ते उघड होतं. ऐकण्याचा पेपर मी काढला होता, कॅसेट मी बंद केली होती.

"तुम्हीच जा तिकडे," ते म्हणाले. "काय सापडतं बघा."

बोटीवर मी त्या उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन बसले. समोरची म्हातारी सुकवलेली मासळी चघळत माझ्याकडे टक लावून बघत होती. मी एकेक प्रश्न घेऊन सगळ्या मुलांची उत्तरं ताडून पाहत होते. गाडी किती वाजता सुटणार? सगळ्यांचं बरोबर. उद्या हवा कशी असेल? बरोबर. पोस्टातून बाहेर पडून कुठल्या बाजूला वळायचं? बरोबर. खोली क्रमांक, फोन नंबर, अंतर, सगळं बरोबर. पण एक प्रश्न होता, आईच्या वाढदिवसाला मुलगी काय घेणार, स्कार्फ की फुलं? पेपरातला सगळ्यात सोपा म्हणून मी तो पहिला घातला होता. तो जवळजवळ सगळ्या वर्गाचा चुकला होता.

हे मला कळेना. कॅसेट आधी मिळाली असेल तर सोपा प्रश्न कशाला चुकवतील? मग वाटलं, कोणीतरी हुशार माणसानं सांगितलं असेल: एखादा चुकवा, नाहीतर पकडले जाल. एकदा संशय डोक्यात शिरला की प्रत्येक गोष्ट त्याच्याच बाजूनं साक्ष देते.

धक्क्यावर मुख्याध्यापक ज्वांग सर उभे होते. बुटके, टक्कल पडलेले, पँटला खडूचे पांढरे डाग. मी पाय खाली टेकायच्या आत त्यांनी माझी पिशवी हातातून घेतली.

"बाई, एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात? फोन केला असता तरी चाललं असतं."

"फोनवर काय सांगितलं असतंत?"

"काय विचारलं असतंत त्यावर ते," ते हसले, पण डोळे हसले नाहीत.

मी सरळ वर्गात गेले. मुलं आजूबाजूच्या छोट्या बेटांवरची, आठवडाभर शाळेच्या वसतिगृहात राहणारी, बहुतेकांचे बाप मासेमारीच्या बोटींवर. मला बघून सगळी ताठ बसली. मी इंग्रजीत विचारायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, तू याच बेटावरचा का?

"नेगेटिव्ह," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुस्तकात 'नो' आहे. सगळी शाळा 'नो' म्हणते. शेजारच्या मुलीला विचारलं, तुमच्या वर्गात मुलं किती?

"थ्री-वन," तिनं आकडे सुटे सुटे करून सांगितलं.

मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ओव्हर." एकदोघं फिस्सकन हसली आणि लगेच सगळा वर्ग चिडीचूप झाला. खिडकीपाशी बसलेली एक मुलगी, रुआन हायथांग, मागे वळून त्या बोलणाऱ्याकडे अशी बघत होती की आता उठून त्याच्या कानाखाली वाजवेल. दारात ज्वांग सरांनी खोकल्यासारखं केलं.

माझी खात्री पटली. या सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि सगळ्यांनी मिळून ते दाबून ठेवलं होतं.

"ज्वांग सर, हे असलं इंग्रजी तुम्ही शिकवता?"

"पोरं आहेत बाई. कुठूनतरी उचलतात."

"कुठून?"

"आता कुठून म्हणून सांगू," असं म्हणून ते मला चहा प्यायला घेऊन गेले. चहा होईपर्यंत त्यांनी मला हवामान, माशांचे भाव आणि गळकं छप्पर सांगितलं. कॅसेटचा विषय एकदाही काढला नाही. निर्दोष माणूस निदान रागावला तरी असता.

संध्याकाळी लवकर जेवणं झाली. भात, शिंपल्यांचं सूप, खारवलेला मासा. मुलांनी वाट्या विसळल्या आणि बघता बघता अंगण रिकामं झालं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. एवढ्या उजेडात एकही मूल खेळायला बाहेर नाही, हे मला खटकलं. वरच्या मजल्यावरून खरखर ऐकू येत होती आणि त्या खरखरीतून माणसाचा आवाज. मी कान दिला. इंग्रजी.

मी जिना चढायला लागले तर ज्वांग सर धावत येऊन वरच्या पायरीवर आडवे उभे राहिले.

"वर काही नाही बाई. अडगळ आहे."

"अडगळ इंग्रजीत बोलते?"

"उद्या दाखवतो ना. आत्ता तिथे धूळ…"

"सर, तिकडे बियान सर मला चोर समजताहेत," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "ती कॅसेट माझ्या कपाटात होती. तुम्ही दार उघडलं नाहीत तर उद्या माझी नोकरी जाईल, आणि परवा तुमची. बाजूला व्हा."

मग खांदे पाडून त्यांनी दारावर टकटक केली. "हायथांग, उघड गं. बाईंना कळलंय."

दार उघडलं. आत जुन्या बाकांच्या मधल्या जागेत सगळा वर्ग दाटीवाटीनं बसला होता. मध्ये स्टुलावर एक वायरलेस होता, बोटींवर असतो तसा, एका कोपऱ्यात गंजलेला. त्याची तार खिडकीतून बाहेर छपरावर गेली होती. कॅसेट कुठेच नव्हती.

त्यातून एक माणूस जड आवाजात काही सांगत होता. कुठल्या देशाचा होता देव जाणे. त्याचं इंग्रजी दगडावरून गाडी जावी तसं होतं. मला दोनतीन शब्द लागले. मग बंदरातला माणूस उत्तर देऊ लागला, तोही खरखरीतून.

"काय म्हणतोय?" मी नकळत विचारलं.

"मालाचं जहाज आहे," हायथांग म्हणाली. "त्याला आत यायचंय. बंदरवाले म्हणतात थांब, वारा ईशान्येचा आहे, भरती येईपर्यंत नांगर टाक."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. रोजच बोलतात की."

ज्वांग सर दारातच खाली बसले. त्यांनी सांगितलं ते असं. हायथांगच्या काकाची बोट मोडीत निघाली तेव्हा त्यानं हा वायरलेस शाळेला दिला, वादळाच्या दिवसांत उपयोगी पडेल म्हणून. मुलांना कळलं की बाबांच्या बोटी परत येताना किनाऱ्याजवळ आल्या की त्यांचे आवाज यात येतात. मग पोरं ऐकेनात. रोज जेवण झालं की इथे येऊन बसायची. पण बापांच्या बोटी येणार कधीतरी. मधल्या वेळात बाहेरच्या समुद्रातून जाणारी परदेशी जहाजं बोलत असायची. वेळ, आकडे, दिशा, वारा, आणि बोलणं संपलं की 'ओव्हर'. दोन वर्षं हेच कानावर पडत होतं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. जहाजावर आईच्या वाढदिवसाला स्कार्फ कोण घेतं?

"मग लपवलंत कशाला?"

"जमिनीवर हा ठेवायला परवाना लागतो बाई. तो आमच्याकडे नाही. बंदर कार्यालयाला कळलं तर उचलून नेतील. आणि या पोरांचे बाप महिना महिना समुद्रात असतात. मी कुठल्या तोंडानं सांगू यांना, की आता आवाजही बंद?"

हायथांग माझ्याकडे बघत होती. "बाई, तुम्ही सांगणार ना?"

"तुझे बाबा कुठे आहेत आत्ता?"

"बाहेरच्या खाडीत. काल आवाज आला नाही. आज येईल."

मी खाली येऊन शाळेच्या फोनवरून बियान सरांना लावला आणि म्हटलं, नवी कॅसेट करा. प्रश्न तुम्ही काढा, कोणाला दाखवू नका, मलासुद्धा नाही. ती घेऊन स्वतः या.

"मी तेच करतोय," ते म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, "तुमचे खण आणि कपाट मी उघडून पाहिलं. काही सापडलं नाही."

काही सापडलं नाही, हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं असावं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीनं ते आले. पिशवी कोणाच्या हाती दिली नाही, चहा घेतला नाही. मुलांना मैदानात लांब लांब बसवलं, ज्वांग सरांना आणि मला कुंपणाबाहेर उभं केलं. टेपरेकॉर्डर त्यांचा, कॅसेट त्यांची. आवाजही त्यांचाच होता. कोणावर विश्वास नको म्हणून सगळे संवाद त्यांनी स्वतःच म्हटले होते, बायकांचेसुद्धा. पातळ आवाज काढून "ओ, डिअर!" म्हणाले तेव्हा पलीकडच्या भिंतीवर बसलेली बायामाणसं खो खो हसली. मुलं हसली नाहीत. ती लिहीत होती.

पेपर त्यांनी तिथेच पायरीवर बसून तपासले. तपासून झाले तरी बराच वेळ ते कागद उलटेपालटे करत राहिले. गुण जवळजवळ तेच आले होते. खरेदीचे प्रश्न या वेळीही चुकले होते.

"कसं?" त्यांनी मला विचारलं. "कसं काय, यिंगबाई?"

मी ज्वांग सरांकडे बघितलं. सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. तेवढ्यात हायथांग पुढे झाली.

"सर, वर चला. आम्ही कॅसेट चोरली नाही. जे आहे ते वर आहे."

बियान सर त्या खोलीत एका मोडक्या बाकावर बसले आणि ऐकत राहिले. पहिल्यांदा त्यांनी वायरलेसच्या मागे हात घालून पाहिला, तारेला हात लावून पाहिला. आत टेप दडवलीय का ते बघत होते. मग एक जहाज बोललं, दुसरं बोललं. त्यांनी मुलांना विचारलं, मुलांनी सांगितलं. हळूहळू त्यांचे प्रश्न चौकशीचे राहिले नाहीत. तो नांगर का ओढतोय, हा एवढा चिडलाय कशानं, असं विचारायला लागले.

उन्हं कलली तेव्हा खरखरीतून आमच्या बोलीत एक आवाज आला. "ए किनाऱ्यावरचे! जाळं फाटलंय, पण सगळे धड आहोत. सकाळी पोचतो. ज्वांग सर, आमच्या पोरीला सांगा."

हायथांगनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शेजारची मुलगी तिच्या पाठीवर थापट्या मारायला लागली.

बियान सर उठले, कपडे झटकले. "गुण खरे आहेत, असं मी लिहीन," ते ज्वांग सरांना म्हणाले. "पण कसे मिळाले हे विचारतील, आणि मी खोटं लिहीत नाही. मी लिहायच्या आत तुम्ही स्वतः बंदर कार्यालयात जा. तुम्ही जाऊन सांगणं वेगळं, मी लिहिल्यावर त्यांनी येणं वेगळं."

ज्वांग सर गेले. दंड बसला, बोलणी खावी लागली. बंदराच्या माणसानं येऊन बोलायचा माइक कापून नेला. ऐकण्यापुरता संच ठेवायला परवानगी मिळाली, आणि ती तेवढी मिळाली म्हणून पोरांनी अंगणात फटाके वाजवले.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी परतीच्या बोटीवर बियान सर माझ्या शेजारी बसले. त्यांनी कागदाच्या पुडीतून सुकवलेली मासळी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

"राग आलाय?"

"तुम्ही माझे खण उघडलेत."

"कोणाचेही उघडले असते. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही."

"विचारून उघडले असते."

त्यांनी पुडी बंद केली. "विचारून उघडलं तर चोर सावध होतो," ते म्हणाले. त्यांनी हे कुत्सितपणे म्हटलं नाही. तेवीस वर्षं परीक्षा सांभाळलेल्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

कार्यालयात माझ्याशी नंतर कोणी वाईट वागलं नाही. पण कपाट उघडताना मला दर वेळी वाटायचं, आतल्या वस्तू कोणीतरी हलवून पुन्हा जागच्या जागी ठेवल्यात. उन्हाळ्यात मी बदलीचा अर्ज केला. कुठे हवी, असं विचारलं तेव्हा चिंगशा म्हटलं. कारकून हसला, तिथे बदली मागणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

इथे आता मी वाचन शिकवते. मुलांना उतारा दिला की पहिल्या ओळीलाच जांभया येतात. काल एकीला विचारलं, एवढं ऐकून समजतं, मग तेच कागदावर का समजत नाही गं? ती म्हणाली, "बाई, कागदावर कोणाची वाट बघायची नसते ना."

मी तिला उतारा पुन्हा वाचायला लावला.