धुतलेली रुई

माझा भाऊ जाहिद बसल्या जागी मिनिटाला अठ्ठावीस श्वास घेत होता. निरोगी माणूस सोळा-सतरा घेतो. मी ओढणीखाली घड्याळ धरून मोजत होते, पण त्याला कळलंच.

"आपा, घड्याळ काऊन पाहून राह्यली? मी काय आलापल्लीची यष्टी आहो, लेट झालो म्हनून?"

एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. तो सव्वीस वर्षांचा होता. वर्षभरात त्याचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं.

कोरपन्यात आमचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे टिनाची खोली, तिच्यात पिंजायची मशीन, आणि त्या खोलीला लागून घर. आजोबा धनुकलीनं कापूस पिंजायचे. अब्बांनी मशीन आणली. सात वर्षांपासून ती जाहिद चालवत होता. मी बी.एस्सी. करून गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवत होते. हे २००३ सालच्या फेब्रुवारीतलं.

पहिल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि पंप दिला. दुसऱ्यांनी तीनदा बेडका तपासला. जंतू सापडले नाहीत, तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. जानेवारीत आम्ही चंद्रपूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीसमोर धरला. दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागावर बारीक जाळी अंथरल्यासारखं दिसत होतं.

"काम काय करता?"

"रुईचं," जाहिद म्हणाला.

डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं : कापूस, सात वर्षं. मग म्हणाले, "कापूस सोडावा लागेल."

परतीच्या एसटीत अब्बा जवळजवळ हसत होते. "कापूस तं आपन कवाचाच सोडला! त्या डाक्टरले काय समजते?"

ते खरं होतं. आमच्या घरात गादीत जे भरतात ते सगळं रुईच. पण ९६ साली जाहिद मशीनवर बसला, तेव्हापासून आमच्याकडे कापूस जवळजवळ येतच नव्हता. नागपूरहून धुऊन, रंग काढून बांधलेले गठ्ठे यायचे. गिरण्यांमधली नायलॉन-पॉलिस्टरची कात्रणं, जुनी ब्लँकेटं, स्वेटरं. मशीन ती फाडून, पिंजून पांढरा भुसभुशीत ढीग करायची. गिऱ्हाइकं त्याला फायबर म्हणत. अब्बा म्हणत, धुतलेली रुई.

आजोबा छातीनं गेले होते. मला त्यांचा खोकला आठवतो. तो शनिवारचा खोकला होता. शुक्रवारी काम बंद असायचं, छाती मोकळी व्हायची, आणि शनिवारी पुन्हा पिंजायला बसले की दुपारपर्यंत गच्च व्हायची. कापसाच्या धुळीचा दमा असाच असतो, हे पुढे मी पुस्तकात वाचलं. जाहिदचा शुक्रवार आणि शनिवार सारखेच होते. महिनाभर मी वहीत त्याचे श्वास लिहून ठेवले होते. सुटीच्या दिवशी आकडा खाली येत नव्हता.

मग मी चार दिवस त्याचा बेडका झाकणाच्या बाटलीत जमवला. रविवारी शाळेची प्रयोगशाळा उघडून तो कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात कोमट केला. त्यात चिकट भाग विरघळतो, धागे राहतात. दुसऱ्या बाटलीत नुसतं द्रावण ठेवलं, म्हणजे हवेतून किंवा माझ्या कपड्यांतून काय पडतं ते कळावं. तासाभरानं दोन्हींचा तळ काचपट्टीवर घेतला.

कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकात पिळलेल्या फितीसारखा दिसतो. हे तसे नव्हते. सरळ, गुळगुळीत, काचेच्या काड्यांसारखे. काही इतके आखूड, की काडी म्हणावं की कण, कळेना. मी दोनदा मोजले. कोऱ्या बाटलीच्या पट्टीवर एक होता. जाहिदच्या पट्टीवर चौसष्ट.

यावरून ते फुप्फुसातूनच आले हे सिद्ध होत नव्हतं. घशातले, नाकातलेही असू शकतील. मला हे कळत होतं, तरी मी तिसऱ्यांदा मोजले. उरलेला गाळ धुऊन, वाळवून मी कागदाच्या पुडीत बांधला. नखावर मावेल एवढी राखाडी चिमूट.

घरी आले तेव्हा मशीन चालू होती. जाहिदला उठवत नव्हतं म्हणून अब्बाच बसले होते. मी बटण बंद केलं.

"लगनाची आर्डर आहे बेटा. धुरपताबाईच्या पोरीच्या चार गाद्या."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग भुवयांवरचं पांढरं पुसलं.

"हे पाय नाहीद. माह्या बापाच्या छातीत कापूस गेला. कापसात किडकी कवडी असते, सरकीचा चुरा असते, माती असते. मी कसम खाल्ली होती, पोराले कापसापाशी बसवीन नाई. कोरपन्यात कापसाचे डोंगर पडून राह्यते, अन् मी नागपूरवरून भाडं देऊन माल आनतो. लोक मले पागल म्हनत. हे धुतलेलं आहे. ह्याच्यात काय आहे?"

"तेच आहे त्याच्या बेडक्यात."

"तुह्या दुर्बिणीत काई बी दिसते."

मी पुडी त्यांच्या हातात दिली. "मग तुमच्या पद्धतीनं पाहा."

त्यांची पद्धत गावभर माहीत होती. कापसात भेसळ आहे का, हे अब्बा डोळ्यांनी ठरवत नसत. चिमूटभर माल चिमट्यात धरून काडी लावायची. कापूस कागदासारखा जळतो, राख होते, बोटानं दाबली की पीठ. दुसरं काही असेल तर ते आक्रसतं, वितळतं आणि काळा मणी उरतो. व्यापारी कितीही बोलला तरी अब्बा तो मणी त्याच्या तळहातावर ठेवायचे आणि काही न बोलता उठायचे.

त्यांनी पुडी उघडली. चिमट्यात गाळ धरला. काडी पेटवली. चिमट्यातलं पेटलं नाही, आक्रसलं. केस जळल्यासारखा नाही, गोडसर, जुन्या बादलीचा तुकडा चुलीत पडावा तसा वास आला. मोहरीपेक्षा बारीक काळा दाणा उरला.

अब्बांनी तो बोटात धरून दाबला. अंगठ्याच्या नखानं दाबला. मग दोन दातांमध्ये धरला. तो फुटला नाही.

दारात जाहिद उभा होता, चौकटीला धरून. "काय झालं अब्बा? माल खोटा हाय का?"

अब्बा उठले आणि त्यांनी घरात शिरून पहिली उशी उचलली.

तासाभरात घर रिकामं झालं. गाद्या, उशा, लोड, मशीनखालचा ढीग, अर्धे फोडलेले गठ्ठे. जाहिद सात वर्षं त्या खोलीत काम करत होता, आणि तिथून उठून त्याच मालाच्या गादीवर, त्याच मालाच्या उशीवर झोपत होता. अब्बा उशा ओढत होते, शिवण उसवत होती, घरात पांढरं तरंगत होतं. मी ओरडले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की जाहिद अजून दारातच आहे. त्याला ओल्या फडक्यानं नाक बांधून, मी समोरच्या चिंचेखाली सुताच्या विणलेल्या बाजेवर नेऊन बसवलं. तेवढ्या चाळीस पावलांत तो तीनदा थांबला.

परत आले तर अब्बा अंगणात ओतलेल्या ढिगाशी काडीपेटी घेऊन उभे.

"जाळू नका!" मी त्यांचा हात धरला. "धूर त्याच्याकडेच जाईल. आणि तो धूर आणखी वाईट."

"मंग फेकतो कुठी? सांग. तू शिकली ना."

पुरलं तर कुजणार नव्हतं. नाल्यात टाकलं तर पुढच्या गावात जाणार. मोकळं ठेवलं तर वारा. समोरच्या वावरात कापसाची वेचणी संपत आलेली होती. ढिगावरून उडालेला फायबर पऱ्हाटीच्या बोंडांवर अडकायला लागला होता, आणि कुठला कापूस अन् कुठलं हे, रस्त्यावरून कळत नव्हतं.

तेवढ्यात धुरपताबाई गाद्यांची चौकशी करायला आल्या. ढीग पाहून थबकल्या.

"इनायतभाऊ, लक्ष्मी अंगनात काऊन टाकली? पागल झाले का? फेकून राह्यले तं मले द्या. नातवाच्या पाळन्यात घालतो. लई नरम असते तुमचा माल."

"नाई," अब्बा म्हणाले.

"फुकट नाई मागत. पैसे घ्या."

"नाई म्हनजे नाई, बाई. चार वर्साआधी नेल्या ना दोन उशा? त्याही आनून द्या."

"आता हो! नेलेल्या उशा बी वापस?" त्या माझ्याकडे पाहून कुजबुजल्या, "पोराच्या बिमारीनं भाऊचं डोस्कं फिरलं," आणि पदर सावरत निघून गेल्या. त्या गेल्यावर अब्बा बोटांवर गावातली घरं मोजू लागले. कोणाला गादी दिली, कोणाला बाळंतिणीसाठी, कोणाला पाळण्यासाठी. काही वेळानं मोजणं थांबवलं.

वारा वाढत होता. अब्बांनी विहिरीवरून बादली आणली आणि ढिगावर ओतली. कापूस असता तर पाणी पिऊन जड झाला असता, बसला असता. याच्यावरून पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळले. वरचा थर जरा दबला आणि उन्हात पुन्हा फुगला. त्यांनी दुसरी बादली आणली, तिसरी. मी मोजणं सोडलं. शेवटी आम्ही दोघांनी हातानं दाबून ते विहिरीजवळच्या हौदात कोंबायला सुरुवात केली. आपण पाण्याखाली धरावं, सोडलं की वर यावं.

"नाहीद," अब्बा हौदातून हात न काढता म्हणाले, "छातीतलं निघते का?"

"नवीन जाणार नाही आता."

"मी ते नाई विचारलं."

मी वर आलेला पुंजका पुन्हा पाण्याखाली दाबला.

सूर्य टेकडीला टेकला. आमच्याकडे काम संपलं की मशीनवरच्या माणसाला गुळाचा खडा द्यायची रीत. गुळानं घशातली रुई खाली उतरते, असं आजोबांपासून सगळे मानत. सात वर्षं अब्बांनी एक दिवस चुकवला नव्हता.

चिंचेखालून जाहिदनं हात वर केला. "अब्बा, आज गूळ... नाई देत का?"

अब्बांचे हात कोपरापर्यंत ओले होते, त्यावर पांढरे धागे चिकटलेले. त्यांनी ते धुतले, पुन्हा धुतले, माझ्या ओढणीला पुसले. डब्यातून खडा काढून बाजेशी गेले आणि लहान मुलाला भरवावं तसा त्याच्या तोंडात घातला.

मी ओढणीखाली घड्याळ धरलं. चौतीस.

जाहिदनं खडा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवला. मग त्याच्याकडून एकाच वेळी तोंडात गूळ धरणं आणि श्वास घेणं होईना. त्यानं तो बाहेर काढला आणि तळहातावर धरून बसला.

"खातो अब्बा," तो म्हणाला. "थांबा जरासे."