नॉर्मनचं टक्कल

नवऱ्याचा मोजा उलटा केला आणि अंथरलेल्या वर्तमानपत्रावर सर्र करून काहीतरी सांडलं. आवाज तो केवढासा, पण रविवारच्या दुपारी घर इतकं शांत होतं की टेसाने आधी पाळण्याकडे पाहिलं. रीस उठला नव्हता. झोपेतच दूध ओढल्यासारखे ओठ हलवून त्याने मान पलीकडे वळवली, एवढंच.

वर्तमानपत्रावर रबराचे काळे दाणे पडले होते, मोहरीएवढे. ते कसले, हे टेसाला कुणी सांगायला नको होतं. तिच्या वडिलांनी, नॉर्मननी, ब्रॅकनशॉ क्लबचं फुटबॉल मैदान जन्मभर राखलं होतं. असले दाणे प्लास्टिकच्या गवतात पसरतात आणि तिथून चालून आलेल्या माणसाच्या मोज्यांतून, खिशांतून पुढे आठवडाभर निघत राहतात. ब्रॅकनशॉचं मैदान खऱ्या गवताचं होतं.

तिचा नवरा नील मागच्या पायरीवर बसून डॉटीचे, म्हणजे पाच वर्षांच्या लेकीचे, चिखलाचे बूट घासत होता.

"गुरुवारी कुठल्या खेळाडूला बघायला गेला होतास रे?"

"आहे एक पोरगा. डावखुरा."

"प्लास्टिकवर खेळतो वाटतं."

ब्रश थांबला. नीलला खोटं कधी जमलंच नाही. डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून तो अकरा वर्षं खेळला, पण आता हा काय करणार हे त्याच्याआधी सगळ्या स्टँडला कळायचं.

"सांगणारच होतो तुला."

"कधी? मैदान खणून झाल्यावर?"

"शनिवारी शेवटचा सामना आहे. सोमवारी यंत्रं येतायत."

"संचालकांनी ठरवलं का?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं त्याला. पण त्याने बूट खाली ठेवला. "प्लास्टिकचं मैदान मी मागितलं, टेस. जानेवारीतच."

टेसाने मोज्यांची जोडी लावून त्यांची घडी घातली. धुवायचे मोजे होते, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

नील एकोणीस वर्षांचा असताना या गावात आला. मोठ्या क्लबने काढून टाकलेलं पोरगं, हातात एक बॅग. बोलायला कुणी नाही म्हणून सरावाच्या कितीतरी आधीच तो मैदानावर येऊन उभा राहायचा. एके दिवशी नॉर्मननी त्याच्या हातात दाताळं दिलं आणि म्हणाले, "उभाच आहेस तर माती तरी भुसभुशीत कर." नदीकडच्या गोलसमोरची जागा होती ती. पुढे त्याच कामाच्या निमित्ताने तो घरी चहाला यायला लागला आणि चहाच्या निमित्ताने टेसा घरी थांबायला लागली.

वरच्या विभागात तो कधी गेला नाही. पेपरात त्याच्याबद्दल एकदाच चांगलं छापून आलं, 'भरवशाचा'. नॉर्मननी वर्षभर त्याला त्याच नावाने हाक मारली. "भरवशाच्या, बटाटे सरकव जरा इकडे." तिसाव्या वर्षानंतर गुडघा गेला. मग तो मुलांना शिकवू लागला. गेल्या ऑक्टोबरात जुन्या मॅनेजरला काढलं आणि दुसरा मिळेपर्यंत सांभाळ म्हणून संघ याच्या गळ्यात घातला. दुसरा काही मिळाला नाही. नॉर्मन तेव्हा हॉस्पिटलात होते. ते म्हणाले, "आता गावभरच्या शिव्या खायला शीक." आणि त्याच आठवड्यात गेले.

ब्रॅकनशॉत मेलेल्या माणसाची राख मैदानावर टाकायची हौस भारी. नॉर्मनना त्याचा मनस्वी राग होता. राखेने गवत जळतं. ते घरच्यांना समजुतीने सांगायचे, चिमूटभर मैदानावर टाका, बाकीची गोलमागच्या गुलाबांना घाला. स्वतःबद्दलही त्यांनी तेच सांगून ठेवलं होतं. पण त्यांची राख टाकायच्या सकाळी नीलला ते पाळवेना. ज्या जागेवर दाताळं हातात मिळालं होतं, तिथेच तो त्यांना घेऊन गेला. वारा सुटला होता. राख उडून जाईल या भीतीने तो गुडघ्यावर बसला आणि सगळी एकाच जागी ओतून मोकळा झाला.

चहाच्या ट्रेएवढं गवत जळालं. तीनदा बी पेरलं, एक पातं उगवलं नाही. गोलकीपर त्या जागेला नॉर्मनचं टक्कल म्हणायचे. टेसाला राग यायला हवा होता, पण तिला उलट बरंच वाटायचं. नाहीतर कुणी गेलं की दाखवायला काय उरतं? ती दोन्ही मुलांना घेऊन गोलमागे उभी राहायची आणि डॉटी तिकडे बघून हात हलवायची.

"ती माती कुठे जाणार?" टेसाने आता विचारलं.

"ट्रक नेतील. नदीपलीकडे भराव चाललाय, तिथे."

आत रीस रडायला लागला. ती उठून गेली.

पुढचा आठवडा दोघं पाहुण्यांसारखी वागली. मीठ देतोस का, बाळाला धरतेस का. नीलचं चुकलं तरी काय, हेही तिला दिसत होतं. मैदान नदीकाठच्या सखल जमिनीत. या हिवाळ्यात अर्धेअधिक घरचे सामने पाण्यामुळे रद्द झाले, ते सगळे वसंतात एकावर एक आले आणि दमलेल्या पोरांच्या मांड्या एकामागून एक धरल्या. संघ तळाला आला. शनिवारी जिंकले नाहीत तर खालच्या विभागात. हे सगळं तिला कळत होतं. पण बाळाला पाजताना डोळ्यांपुढे यायचा तो ट्रकच.

"कापून घे की तेवढं," चहाच्या टपरीवरची मॉरीन म्हणाली. "ट्रेएवढं तर आहे. तुझा बाप आयुष्यात कधी एवढा आटोपशीर नव्हता."

टेसाला हसू आलं आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मॉरीनने तिच्यापुढे कागदी रुमाल सरकवला.

शनिवारी सामना बरोबरीत सुटायला आला तेव्हा स्टँडमधून एक म्हातारा नीलवर ओरडला, "हॅल्सॉल, तुझ्यापेक्षा नॉर्मन बरं खेळवेल रे, आहे तिथून!" लोक हसले. रेषेवर उभा असलेला नीलही हसला. मग शिट्टी वाजली. कुणी शिव्या दिल्या नाहीत. माणसं कोटाची बटणं लावून मुकाट निघाली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. खेळाडू आत जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी क्लबच्या अध्यक्षांनी त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "बुधवारी बसू या." बुधवार म्हणजे काय हे इतक्या वर्षांत नीलला ठाऊक झालं होतं. टेसालाही.

रविवारी सकाळी नॉर्मनची कुदळ घेऊन नील मैदानावर आला, तर टेसा आधीच तिथे होती. बाबागाडीत रीस, बाजूला डॉटी, आणि गवतावर मुलांना आंघोळ घालायचा पत्र्याचा जुना टब.

"मी न्यायलाच आलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. कुदळ खुंटीवर नव्हती."

तो गुडघा सांभाळत बसला आणि टकलाच्या कडेने माती कापू लागला. "किती खोल जाऊ?"

"वीतभर. बाबा म्हणायचे, मुळं तेवढीच जातात."

"इथे मुळं कुठे आहेत?"

"तरी वीतभर."

मग टेसा म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"आणि मी ऐकलं असतं." त्याने मान वर केली नाही. "म्हणून नाही विचारलं. म्हटलं, मैदान कोरडं राहिलं तर पुढच्या वर्षी तरी टिकेन. आता त्या प्लास्टिकवर कुणी दुसराच संघ उतरवेल."

टेसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट घामाने ओला होता. तिने तो हात तसाच राहू दिला, बाबागाडी दुसऱ्या हाताने हलवत.

मातीचा ढेपसा अखंड निघाला नाही. काही तुकडे टबात पडले, काही सुटून खड्ड्यात सांडले. नीलने ओंजळीने ते वर काढले, पुन्हा काढले. तळाशी पाणी झिरपून आलं होतं आणि त्या काळ्या चिखलात काय माती नि काय दुसरं, ते आता वेगळं दिसत नव्हतं. शेवटी तो थांबला. हात कुठे पुसावेत ते त्याला सुचेना.

डॉटी टबाशी उकिडवी बसून मातीवर हलकेच थोपटत होती, रीसला झोपवताना थोपटतात तसं. मग तिने वाकून खड्ड्यात पाहिलं. टबात पाहिलं. पुन्हा खड्ड्यात.

"आई," तिने विचारलं, "आजोबा सगळे आले का यात, की थोडे तिथेच राहिले?"