घड्याळातली आग

गौतमनं आबांना घड्याळ आणलं ते त्यांना भट्टीवरून उठवण्यासाठी. हे त्यानं आईला सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं, पोळ्या लाटणाऱ्या त्रिवेणीमावशींच्या देखतही बोलून दाखवलं होतं. फक्त आबांना देताना तो म्हणाला, "तुमच्या वाढदिवसाचं."

"माझा वाढदिवस श्रावणात असतो," आबा म्हणाले. पण हात पुढे केला.

आबा म्हणजे गौतमचे वडील, प्रतापराव. बरकतपुऱ्यात त्यांचं पुरणपोळीचं दुकान आहे. पुढे गल्ला आणि काचेचं कपाट, मागे भट्टीची खोली, वर घर. मराठी गिऱ्हाईक येऊन पुरणपोळी मागतं, तेलुगू गिऱ्हाईक भक्ष्यालु मागतं, आणि दोघांना एकाच कढईतलं मिळतं. ती कढई आबांची. डाळ शिजवायला, वाटायला, कणीक मळायला माणसं आहेत, पण गूळ पडून पुरण भट्टीवर चढलं की उलथणं आबांच्या हातात. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला एक नियम आहे, एक घाणा एका हाताचा. ज्यानं घाटायला घेतलं त्यानंच उतरवायचं. मध्ये दुसरा हात लागला की पुरण सैल होतं, असं आबा म्हणतात. खरं-खोटं कुणी करून पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेऊन एक नळी उघडली, आत जाळी बसवली. नल्लकुंट्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, काम करा, घरी बसून राहू नका. फक्त हृदयाचे ठोके फार वेळ एकशेवीसच्या वर राहता कामा नयेत. ठोके कसे मोजायचे, हे आबांनी विचारलं नाही. त्यामुळे घड्याळ.

गौतमनं घड्याळात त्यांचं वय घातलं, वजन घातलं, आणि कढईसमोर उभं राहण्याआधी कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. पहिला घाणा उतरल्यावर सगळे मनगटाभोवती जमले. पडद्यावर मोठ्या केशरी आकड्यात तीनशे नव्वद, आणि शेजारी आगीचं छोटं चित्र.

"बघा," गौतम म्हणाला. "एका घाण्यात तीनशे नव्वद कॅलरी. माणूस डोंगर चढतो तेव्हा इतक्या जळतात. या वयात हे काम करायचं असतं का, आबा?"

आबांनी आकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "आगीचं चित्र आहे. म्हणजे भट्टीचं काम बरोबर ओळखलं त्यानं."

"आबा, ते..."

"आणि डोंगर चढतोय म्हणतोस मी अजून?"

गौतमच्या बेतातली गडबड इथूनच सुरू झाली. तीनशे नव्वद ऐकून आबा घाबरायचे होते. त्यांची छाती फुगली. दुपारी जेवताना त्यांनी अर्धी पोळी संपवली आणि ताट पुढे सरकवलं.

"डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय," गौतमची आई पद्मावतीबाई म्हणाल्या.

"ते जाळी बसवली तेव्हा. आता जळालंय किती ते पाहिलंस ना? जळालं ते भरायला नको?"

"कोण म्हणतं?"

"हे." त्यांनी मनगट वर केलं. "तुझ्या लेकानं आणलंय, माझं नाही. तूप वाढ."

लाटता लाटता त्रिवेणीमावशी हसल्या. "हौ की. हमारे हात को भी एक घड्याळ बांधा, गौतम. मी रोज एक बकरा खाईन."

महिनाभर असंच चाललं. सकाळी आबा घड्याळ लावून कढईपुढे उभे राहत आणि दुपारी आकडा दाखवून पोळी मागून घेत. काही दिवस आकडा चारशेवर जाई, त्या दिवशी तूप जास्त. गौतम आकडे फोनमध्ये साठवत होता, डॉक्टरीणबाईंना दाखवण्यासाठी. बापलेक एकाच आकड्याकडे बघत होते आणि दोघांनाही आपणच जिंकतोय असं वाटत होतं.

पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. दुकानाचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेव्हाच. त्याच्या आधीच्या आठवड्यात तपासणी होती. वजन वाढलं होतं, साखरही वाढली होती. गौतमनं फोन पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी आकडे वरखाली सरकवले आणि सरळ साधं विचारलं, "रोज इतकं जळत असेल तर वजन वाढलं कसं?"

गौतमनं फोन परत घेतला. आबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर गौतम म्हणाला, "पुरे आता. गौलीगुड्यात एकाकडे घाटायचं मशीन आहे. मोटर लावली की कढईतलं पातं आपलं आपण फिरतं. उद्या सांगतो त्याला. पाडव्याला तुम्ही गल्ल्यावर."

"गल्ल्यावर," आबा म्हणाले.

"हो."

"हसत बसायचं, रोख की फोन विचारायचं."

"त्यात वाईट काय आहे?"

आबा उठले. भट्टीच्या खोलीत जाऊन त्यांनी उलथणं धुतलं. ते आधीच धुतलेलं होतं.

गौतमची बायको तन्वी हे सगळं जिन्याच्या खालच्या पायरीवरून ऐकत होती. मांडीवर चारू, दहा महिन्यांची, आईच्या गळ्यातल्या साखळीशी झटापट करणारी. तन्वी पुण्याची, कंपनीत लोकांची सॉफ्टवेअरं तपासते. कुठं चुकतंय ते शोधणं हाच तिचा पगार. चारू झाल्यापासून घरूनच काम करते आणि एरवी भट्टीच्या भानगडीत पडत नाही. पण डॉक्टरीणबाईंचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. जळतंय इतकं, तर वजन वाढलं कसं?

उत्तर तिला चारूला भरवताना सापडलं. चारूच्या दीड महिन्याच्या लसीला ती चालत गेली होती आणि निघताना स्वतःच्या घड्याळात चालण्याचं बटण दाबलं होतं. दवाखान्यात ते बंद करायचं राहून गेलं. नर्सनं तो इवला पाय धरला, सुई टोचली, चारू आधी गप्प झाली आणि मग जी रडली ती रडलीच. तन्वी खुर्चीवरून हललीही नव्हती. घरी येऊन पाहिलं तर त्या खुर्चीतल्या वेळेत घड्याळानं तिला धावताना मोजलं होतं.

ती खाली गेली. "आबा, उद्याचा पहिला घाणा गौतमला करू द्या."

"का?"

"तुम्ही नेहमीच्या जागी स्टूल टाकून बसा. घड्याळ लावून. बटण दाबून."

"आणि?"

"आणि काही नाही. बसा."

आबा म्हणाले, "पूर्ण घाणा त्यानंच करायचा पण. अर्धा टाकून उठायचं नाही."

सकाळी गौतमनं बाह्या सारल्या. आबा कढईपासून हातभर अंतरावर, हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखे बसले. मार्च असला तरी खोली तापलेली. पंखा इथे कधीच लावत नाहीत, ज्योत हलते. मागची खिडकी कैक वर्षांपासून डाळीच्या पोत्यांमागे बंद.

"तळापासून घे," आबा म्हणाले. "वरवर कुरवाळू नको."

"तळापासूनच घेतोय."

"लागतंय खाली. वास आला."

"बोलू नका. बोलल्यानं ठोके वाढतात."

"तू नीट घाट, मी बोलत नाही."

गौतमच्या नाकावरून घाम गुळात पडेल म्हणून पद्मावतीबाईंनी त्याच्या कपाळाला रुमाल बांधला. त्याचा दंड भरून आला, त्यानं हात बदलला, पुन्हा बदलला. त्रिवेणीमावशी लाटणं थांबवून बघत राहिल्या. "लग्नात बी इतका परेशान नव्हता हा." शेवटी उलथणं कढईत मधोमध उभं राहिलं, जरासं कललं, पण उभं राहिलं. पुरण झालं. गौतम भिंतीला टेकून खाली बसला.

तन्वीनं आबांचं मनगट धरलं. "तीनशे दहा."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग त्रिवेणीमावशींना कळलं आणि त्या पिठाच्या हातानं कपाळ धरून हसायला लागल्या.

"घाटलं मी," गौतम म्हणाला, "आणि जळालं यांचं?"

"बसल्या बसल्या डोंगर चढलो रे," आबा म्हणाले. त्यांना इतकं हसताना घरानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "अगं, ऐकलंस? आता स्टूलवर बसलो तरी पोळी!" मग ते एकदम लेकाकडे वळले. "खोटं आहे ना तुझं घड्याळ? मग कसला डोंगर आणि कसलं मशीन? सांग त्या गौलीगुड्याच्या माणसाला, येऊ नको म्हणून."

गौतमनं मान हलवली. हरला होता आणि दंड दुखत होता. "आकडा खोटा आहे, मान्य."

आबा उठायला लागले. तन्वीनं मनगट सोडलं नाही. बोटानं पडदा वर सरकवला. आगीच्या चित्राखाली दुसरं एक चित्र होतं, लहान, लाल.

"हे कसलं?" आबांनी विचारलं.

"हृदय. हे ठोके आहेत."

"एवढंसं?"

"एकशे सव्वीस," तन्वी म्हणाली. "घाणाभर साधारण तेवढेच. तुम्ही बसला होता."

हसणं थांबलं.

"कॅलरी ते मोजत नाही, आबा. ठोक्यांवरून अंदाज करतं. ठोके वाढले की त्याला वाटतं तुम्ही धावताय. उकाडा त्याला कळत नाही. पण उकाड्यात अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, आणि ते हृदयालाच पाठवावं लागतं. हात मांडीवर असले तरी." तिनं लाल चित्रावर बोट ठेवलं. "अंदाज खोटा आहे. ठोके खोटे नाहीत."

गौतमनं फोन काढला. महिनाभराचे केशरी आकडे त्यानं ओळीनं साठवले होते, खालचा लाल त्यातल्या एकाही पानावर घेतला नव्हता. ते त्यानं पाहिलं आणि फोन खिशात घातला.

"घाटताना किती असतात?" आबांनी विचारलं.

"याहून जास्त."

आबांनी पट्टा सोडला, घड्याळ तराजूच्या ताटलीत ठेवलं आणि वर निघून गेले. दुपारी जेवायला बसले तेव्हा पद्मावतीबाईंनी अर्धी पोळी वाढून थोडा वेळ वाट पाहिली. ताट पुढे आलं नाही. त्यांना ते बरं वाटायला हवं होतं.

"मशीनवाल्याचा फोन आला होता," संध्याकाळी गौतम म्हणाला. "काय सांगू?"

"उद्या सांगतो," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळी खाली आले. तराजूतून घड्याळ उचललं, बांधलं, बटण दाबलं, गूळ टाकला. गौतम पुढे गल्ल्यावर होता. मुद्दाम आत आला नाही. तन्वी चारूला कडेवर घेऊन भट्टीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. काय होतंय ते तिला बघायचं होतं.

आबांचा हात बघण्यासारखा होता. उलथणं तळाला जाऊन, कडेनं वर येऊन, पुन्हा तळाला. घाई नाही, थांबणं नाही. गूळ विरघळला, पुरण पातळ झालं, मग हळूहळू जड व्हायला लागलं. मधूनमधून ते मनगट वळवून बघत. तन्वीला दिसत होतं, पडदा सरकवून खालचा आकडा बघत होते.

अर्ध्यात ते थांबले. उलथणं कढईच्या कडेला टेकवलं.

"तन्वी."

"काय आबा?"

"पोट्टी दे इकडे."

तिनं चारू दिली. आबांनी तिला डाव्या हातानं छातीशी घेतलं आणि उजव्या हातानं उलथणं सुनेपुढे केलं.

तन्वीनं ते घेतलं नाही. "घाणा अर्धा झालाय."

"दिसतंय मला."

"एका हाताचा..."

"लागेल खाली. घे."

तिनं घेतलं. उलथणं तिच्या अंदाजापेक्षा बरंच जड होतं, आणि मूठ गरम, ओलसर. आबा चारूला घेऊन दारापर्यंत गेले, जिथं दुकानातली हवा येते, आणि उंबऱ्यावर बसले. त्रिवेणीमावशींनी लाटणं थांबवलं होतं.

"हल्लू," आबा तिथून म्हणाले. "खांद्यातून नको, कमरेतून. हौ. असं."

"सैल होईल का आबा?"

"होईल तर होईल. घाट."

चारूला घड्याळ सापडलं होतं. ती आगीच्या चित्रावर तळहात आपटत होती, पडदा उजळत होता, विझत होता. आबा तिच्या बोटांमधून खालचा आकडा वाचत होते. तो उतरत होता, सावकाश, जिना उतरणाऱ्या माणसासारखा.

"गौतम," त्यांनी मान न वळवता हाक मारली. तो आला. कढईपुढे बायकोला पाहून थांबला.

"मशीनवाल्याला नको सांग. आणि ती पोती हलवून खिडकी उघडून घे. गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा असतो ना, त्या माणसाला बोलव. पाडव्याच्या आत."

"ज्योत हलेल म्हणून तुम्हीच इतकी वर्षं..."

"हलू दे. आपण दोघंतिघं आहोत उलथणं धरायला."

कढईत पुरण कडा सोडायला लागलं होतं. तन्वीनं उलथणं मधोमध रोवलं आणि हात काढून घेतला. ते एका बाजूला झुकलं.

"उभं नाही राहिलं," ती म्हणाली.

"अजून थोडं," आबा म्हणाले, आणि चारूला खांद्यावर घेऊन वासावर लक्ष देत राहिले. "मी सांगेन तेव्हा."