काळ्या पाण्यापुढे पळालेली होडी

दचकू नका, बोलतेय ती मी, एक होडी. इक्वेडोरच्या जंगलात, नदीकाठी पालथी पडलेली. खरं तर दचकते ती मीच, पाण्याच्या प्रत्येक आवाजाला.

पूर्वी मी याच जंगलातलं एक उंच झाड होते. बार्तोलोबाबांनी कुऱ्हाड उचलण्याआधी माझ्या बुंध्यावर तळवा ठेवून बराच वेळ माफी मागितली. मग मला कोरलं, जाळाची ऊब देऊन माझी कूस रुंदावली आणि लेकीच्या, एलोदियाच्या हाती सोपवलं. म्हणाले, "ही उलटायची नाही. तू उभी राहून नाचली नाहीस म्हणजे झालं!"

केळीचे घड, कसाव्याचे कंद, कोकोच्या शेंगा, कळा देणाऱ्या बायका, सगळं मी वाहिलं. मग नदीच्या वरच्या अंगाला एका कंपनीने तेलाच्या विहिरी खोदल्या आणि जंगलातून पाइपलाइन आली. एलोदियाच्या धाकट्या बहिणीचा, रोसाउराचा नवरा विल्मर तिथे कामाला लागला. त्यांच्या घरावर नवे पत्रे चढले.

एके सकाळी एलोदिया मला घेऊन वरच्या शेताकडे निघाली होती. अचानक पाणी जड लागलं. डोकं भणभणेल असा वास आला. तिने हात बुडवला, तो मनगटापर्यंत काळा निघाला.

"अगं बाई! रोसाउरा आत्ता पोराला नदीत अंघोळ घालत असेल!"

तिने मला गर्रकन वळवलं.

वाटेत म्हातारे कासिमिरोमामा बादली भरत होते. "काय गं, कोण लागलंय मागे? नवरा की मगर?"

"मामा, बादली ओता! पाइप फुटलाय, तेल येतंय!"

"मागेही अशीच बोंब मारली होतीस."

"मारली होती! आज वास घेऊन बघा!"

मामांनी नाक वर केलं. बादली हातातून सुटली. मग ते पातेलं बडवत काठाकाठाने धावत सुटले.

ज्या पाण्यावर मी आयुष्यभर विसावले, तेच आता माझा पाठलाग करत होतं. माझं शेपूट चिकट झालं होतं, वल्हं एलोदियाच्या हातातून निसटत होतं. ती रडत नव्हती, ओठ घट्ट मिटून नुसती वल्हवत होती.

रोसाउरा कमरेइतक्या पाण्यात उभी होती. कडेवरचं पोर खिदळत होतं.

"बाहेर निघ!"

"ताई, याचा साबण तरी—"

एलोदियाने उडी टाकली. मी हेलकावे खात राहिले. पोराला हिसकावून, बहिणीला ओढत तिने काठ गाठला.

विल्मर काठावर बूट चढवत होता. "कुणाचं तरी डिझेल सांडलं असेल. काही झालं असतं तर आम्हाला कळवलं असतं ना कंपनीने?"

तेवढ्यात वळणावरची नदी काळी झाली. विल्मर एक बूट हातात धरून बघतच राहिला.

पोर वाचलं. खालच्या वस्तीपर्यंत मात्र आम्ही पोचू शकलो नाही. तिथल्या मुलांच्या अंगावर फोड उठले. मासे पोट वर करून कित्येक दिवस वाहत होते. तेल पुसायला कंपनीची हातमोजे घातलेली माणसं आली, हिच्यात तेल मुरलंय, जाळून टाका म्हणाली. एलोदिया माझ्यासमोर उभी राहिली. "लावा बघू हात!"

आता छपरांवरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठतं. बायका मिळून कोको वाळवतात, विकतात. विल्मर अजून तिथेच कामाला जातो, पण जाताना कुणाच्या नजरेला नजर देत नाही.

परवा कंपनीचा माणूस सभेत म्हणाला, "या वेळची पाइपलाइन एकदम नवी आहे."

एलोदियाने विचारलं, "नवी किती दिवस राहते, साहेब?"

त्याने कागद आवरले. पलीकडच्या काठावर, या पाइपलाइनसाठी तोडायच्या झाडांना लाल फिती बांधल्या आहेत. वारा सुटला की त्या फडफडतात आणि माझं लाकूड शहारतं.

तुमच्या गावातून नदी वाहत असेल, तर एकदा तिच्या वरच्या अंगाला जाऊन या. तिथे काय चाललंय ते आपल्या डोळ्यांनी बघा. माझं एवढंच मागणं आहे.

रोसाउराचं पोर आता धावू लागलंय. ते काठाकडे वळलं की आसपासच्या घरांतून एकदम हाका उठतात, "मागे फिर!" ते तिथेच थबकतं. नदीकाठी जन्मलेल्या या पोराला पोहता येत नाही.