कोमट

"कोमट आहे," हे म्हणाले आणि डोळे मिटूनच हसले.

बॉनेट उघडं होतं, इंजिन पाव तास चालू होतं आणि आमच्या ह्यांचा उजवा तळवा रेडिएटरच्या वरच्या पाइपवर टेकलेला होता. ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. आधी हात, मग अवजारं. तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे, मनात पाचपर्यंत मोजायचं. तेवढा वेळ गिऱ्हाईकही श्वास रोखून उभं राहतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी हे इतकं पाहिलंय, की दुपारी डुलकी लागली तरी स्वप्नात हे असेच दिसतात, इंजिनाशी काहीतरी खासगी बोलत असल्यासारखे. माझ्याशी इतकं मन लावून कधी बोलले नाहीत, ते जाऊ द्या.

गाडी ग्रंथालयातल्या बाईंची. तापमानाचा काटा तळाशी पडून, धूर काळा, पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायची. अशा वेळी दोनच शक्यता, हे मलाही आता पाठ झालंय. एक तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय आणि इंजिन खरंच तापत नाही. नाहीतर इंजिन तापतं, पण ते सांगणारा सेन्सर बिघडलाय; मग गाडी बिचारी आपण गारच आहोत समजून जास्तीचं पेट्रोल ओढत राहते. यातलं खरं कोणतं, ते हात सांगतो. परवा ह्यांचा हात 'कोमट' म्हणाला, म्हणून ह्यांनी थर्मोस्टॅट बदलला. आज बाई पुन्हा दारात. ह्यांच्या हाताखालून गेलेली गाडी परत आल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

"कोमट कसं असेल, मामा?" म्हणत बाईंनी पाइपाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "आई गं! केवढा चटका बसला!"

"पानं उलटणारी बोटं तुमची. त्यांना सगळंच चटकतं," हे म्हणाले. पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तळवा पुन्हा टेकवला. पाच झाले, दहा झाले. मी खिडकीत मोजत होते.

मग इंजिन निवू दिलं आणि अंगठ्याएवढा सेन्सर खोलून हे आत आले. मागोमाग बाई. "अगं, पातेलंभर पाणी ठेव गॅसवर."

सेन्सरचं टोक पाण्यात, मीटरच्या तारा वर. "पाणी तापेल तसा हा रोधाचा आकडा उतरायला हवा," ह्यांनी बाईंना समजावलं. आम्ही तिघंही पातेल्याभोवती उभे राहिलो. पाणी आधी गुणगुणलं, मग खदखदायला लागलं. खिडकीतलं ऊन वाफेत तरंगत होतं, आणि त्या वाफेपलीकडे ह्यांचा चेहरा मला लग्नातल्यासारखा कोवळा दिसला. किती वेळ गेला कोण जाणे. आकडा काही हलला नाही.

"उकळत्या पाण्यात बसून म्हणतोय, गार आहे!" बाई हसल्या. "लबाडच की."

"लबाड नाही हो," हे हळूच म्हणाले. "त्याला कळतच नाहीये."

तेव्हा माझं लक्ष गेलं. ह्यांचा डावा हात मीटरवर होता आणि उजव्यानं पातेल्याचा काठ धरलेला होता. सांडशी माझ्या हातात होती.

"अहो, हात!"

मी तो ओढला आणि नळाखाली धरला. बोटांवर लालभडक रेघ उठली होती. हे तिच्याकडे बघत राहिले, शेजाऱ्याचा हात बघावा तसे. वर्षभर हे गरम तवा फडक्याशिवाय उचलायचे आणि मी चारचौघींत मिरवायचे, लोखंडाचे हात आहेत आमच्या ह्यांचे! डॉक्टर साखरेबद्दल बजावत होते, हातपाय बधिर होतील म्हणून, ते आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं. त्या क्षणी मला माझाच भयंकर राग आला.

नवा सेन्सर त्याच पाण्यात धरला, तर आकडा सरसर उतरला. गाडीत बसवला, तसा काटा सावकाश चढत मध्यावर येऊन थांबला.

"मामा, तुमचा हातगुणच तसा!" बाई म्हणाल्या.

"नाही बाई. परवा माझा हात चुकला. तुमचा थर्मोस्टॅट चांगला होता, उगाच काढला मी. तो परत घेऊन जा." हे नजर न चुकवता बोलले.

संध्याकाळी नात खेळून आली. जन्मल्यापासून तिचा हट्ट आहे, अंघोळीचं पाणी आजोबांनीच बघायचं. दुसऱ्या कुणी बघितलेलं तिला चालत नाही.

"आजोबा, हात घाला ना!"

हे टबापाशी उकिडवे बसले. उजव्या हाताला मी मलम लावून फडकं बांधलं होतं. डावा हात पाण्याच्या वीतभर वर गेला आणि तिथेच थांबला. नात वाट बघत होती.

ह्यांनी माझं मनगट धरलं. माझा हात अलगद पाण्यात बुडवला, वर आपला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मी मनात मोजलं. पाच.

"कसं आहे गं?" अगदी माझ्यापुरतं विचारलं.

"कोमट."

"कोमट आहे," ह्यांनी नातीला सांगितलं. "ये."