निळ्या रंगाचे आठ हात

थर्मन गेन्स माणूस लाखात एक, पण रंगाच्या बाबतीत त्याला कोणी काही शिकवायला जायचं नाही. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात, गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगखात्यात घालवलेला गडी तो. रस्त्यात एखाद्या गाडीच्या दारावर रंगाचा ओघळ दिसला, तरी याचा जीव कळवळायचा. त्यामुळे गिटारचा खोका घरी आला तेव्हा आतलं सूचनांचं पत्रक त्याने वाचलंच नाही. आधी सगळं जोडून बघा आणि मगच रंग लावा, असं पहिल्याच ओळीत ठळक छापलेलं होतं. थर्मनने ते पत्रक गॅरेजमधल्या टेबलावर अंथरलं आणि त्यावर रंगाचा डबा ठेवला.

खोक्यात इलेक्ट्रिक गिटारचं लाकडी कोरं अंग होतं, मान होती, तारा ताणायच्या सहा चाव्या, तारा, वायरी आणि पिशवीभर स्क्रू. जोडायचं ज्याचं त्याने. आणि जोडायचं होतं व्हर्लीनसाठी, म्हणजे त्याच्या बायकोसाठी.

झालं होतं असं, की चर्चमधला गिटार वाजवणारा पोरगा नोकरीसाठी अटलांटाला निघून गेला आणि चर्चचा वर्धापनदिन आला तीन आठवड्यांवर. रविवारच्या जेवणात पास्टरांनी व्हर्लीनला गळ घातली, "सिस्टर, तुम्हीच वाजवा ना. तुमच्या वडिलांचीच कला आहे तुमच्या हातात."

"माझ्याकडे गिटार नाही," व्हर्लीन म्हणाली आणि शांतपणे त्यांच्या ताटात भाजी वाढली.

शेजारी बसलेल्या थर्मनच्या घशात तळलेला मासा अडकला. कारण गिटार होती. घरातल्या कपाटात, पेटीत बंद. व्हर्लीनच्या वडिलांनी ती याच चर्चमध्ये चाळीस वर्षं वाजवली होती आणि त्यांचं कोपर जिथे टेकायचं तिथला रंग पार लाकडापर्यंत झिजला होता. अकरा वर्षांपूर्वी व्हर्लीन आठवडाभर बहिणीकडे गेली असताना थर्मनने ती खरवडून साफ केली आणि गडद लाल रंगवली. नव्या गाडीसारखी लखलखीत. व्हर्लीन परत आली, कोपराच्या जागेवरून तिने एकदा हात फिरवला, "रंग छान आलाय," म्हणाली आणि गिटार कपाटात ठेवून दिली. त्यानंतर एक सूर नाही. भांडली असती तर परवडलं असतं, पण बाई भांडलीही नाही. थर्मनला आपली चूक कळायला वर्ष लागलं, आणि कळल्यावर ती बोलून दाखवायला त्याची जीभ काही रेटेना. तेव्हापासून दहा वर्षं हा असाच गप्प. आता निदान हिच्या हातात दुसरी गिटार तरी देऊ आणि ती वाजवते का बघू, एवढीच त्याची धडपड होती.

दोन आठवडे तो रंगातच बुडालेला होता. निळ्या रंगाचे आठ हात दिले, वर चकाकीचे सहा. मग शेजारच्या ओथाला कौतुकाने बोलावलं. ओथा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि उरलेला वेळ थर्मनची खेचायचा.

मान अंगाच्या खाचेत बसवायला घेतली, तर ती काही बसेना. ओथाने वाकून पाहिलं.

"अरे, तू खाचेतपण रंग मारलास?"

"मग काय उघडं लाकूड ठेवू?"

"तिथे कोण बघायला जाणार आहे, बाबा?"

"मला माहीत असतं ना," थर्मन म्हणाला, आणि रबरी हातोडीने त्याने मान हलकेच ठोकली. टक्कन आवाज आला. खाचेच्या कडेपासून रंगाला केसाएवढी चीर पडली.

"हा आवाज गिटारचा नाही," ओथा म्हणाला, "तुझ्या काळजाचा आहे."

थर्मन दहा मिनिटं उलट्या बादलीवर नुसता बसून राहिला. मग पटाशी घेऊन त्याने खाचेतला स्वतःचाच रंग खरवडायला सुरुवात केली. धडधाकट रंग काढायची वेळ त्याच्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा आली होती, आणि पहिली कोणती ते त्याला चांगलंच आठवत होतं.

मान बसली, तारा चढल्या, गिटार स्पीकरला जोडली. तर नुसती घूंऽऽ. तारांना हात लावला की ही घरघर थांबायला हवी, असं ओथा म्हणत होता. ती थांबेना. थर्मनने सगळ्या वायरी सुट्या करून पुन्हा कथिलाचे डाग दिले. तरी घूं.

"वाईट नाही," ओथा म्हणाला. "एकच सूर आहे, पण कसा ठाम आहे बघ."

शनिवार उजाडला. वर्धापनदिन दुसऱ्या दिवशी. ओथा सरावाला गेला आणि थर्मन घरघरणाऱ्या गिटारसमोर डोकं धरून बसला, तेवढ्यात व्हर्लीन हात पुसत गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. तीन आठवडे तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं, पण घरात काय शिजतंय हे तिला कळलं नसेल असं समजणारा एकटा थर्मनच.

"दोन दिवस माझं स्वयंपाकघर घुमतंय," ती म्हणाली. "ब्रिजखालची वायर पाहिलीस का?"

"ती तर आधीपासूनच बसवलेली होती."

"उघडून बघ."

त्याने तारा सैल करून ब्रिजची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती धातूची पट्टी काढली. खालच्या भोकातून वायरचं टोक वर आलेलं होतं. ते पट्टीच्या धातूला टेकायला हवं, आणि टेकलंही होतं. फक्त ते टोक निळं होतं. आठ हात निळं, वर चकाकी.

"वायरलासुद्धा?" व्हर्लीन म्हणाली आणि दाराला धरून हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. थर्मन ओशाळला, पण त्याला बरंही वाटलं. त्याने ब्लेडने टोक खरवडून तांबं उघडं केलं, पट्टी बसवली, तारा ताणल्या. हात लावताच घरघर बंद.

व्हर्लीन बादलीवर बसली. गिटार मांडीवर घेतली, सुरात लावली, दोन सूर छेडले आणि थांबली. 

"मान चिकटते. हात सरकत नाही माझा," ती म्हणाली. "मागची चकाकी काढ."

"सगळी?"

"सगळी."

त्याने बारीक पॉलिशपेपर घेतला. तिने गिटार पालथी धरली आणि तो घासू लागला. आरशासारखी मान हळूहळू निस्तेज होत गेली. वर न बघताच तो बोलला.

"तुझ्या बाबांच्या गिटारचं मी वाटोळं केलं. मला ती खराब झालेली दिसली. मी काय पुसतोय ते मी बघितलंच नाही. चुकलं माझं, व्हर्लीन. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."



"त्या कपाटावरून जाताना रोज मनात तुला शिव्या घालायचे मी," व्हर्लीन म्हणाली. "राग रंगाचा नव्हता रे. तू मला विचारलं नाहीस, त्याचा होता."

"कळलं."

"कुठे कळलं? हा निळा तरी मला विचारून लावलास?"

थर्मनचा हात जागच्या जागी थांबला.

"मला निळा आवडत नाही," ती म्हणाली. "लग्नाला सदतीस वर्षं झाली आपल्या."

त्याने पेपर खाली ठेवला. "मग कोणता लावू?"

व्हर्लीनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कोणीतरी खूप दिवसांनी घरी आलंय.

"आज वेळ नाही. सावकाश सांगेन," ती म्हणाली. "आधी मान घास."

तो घासू लागला. पुरे का, म्हणून विचारायचा. अजून थोडं, ती सांगायची. चार वेळा त्याने विचारलं आणि चौथ्यांदा ती पुरे म्हणाली.

रविवारी व्हर्लीन वाजवायला उभी राहिली. पहिल्या गाण्यात बोटं जरा अडखळली. दुसऱ्यात ओथाने ऑर्गनवरून तिच्याकडे पाहून मान डोलावली, आणि तिसऱ्याला अख्खं चर्च उभं राहून टाळ्या वाजवत होतं. थर्मन तेवढा बाकावर बसून होता. तो रडत होता आणि ते लपवायचं त्याला सुचलंही नाही.

मागच्या बाकावरून कोणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय सुरेख रंग आलाय हो. तुमचंच काम ना?"

"माझंच," थर्मन डोळे पुसत म्हणाला. "पण तिला नाही आवडत. ती सांगेल तो लावायचाय आता."